बेचिराख गावालाही नंबर असतो

(कार्यकर्ता शिबिरातलं भाषण. बोललं तसंच, थोडं सारखं करून.)



मला दिलेला विषय आहे 'लहान गावाची लोकसंख्या आणि दळणवळण'. विषय जाहीर झाला तेव्हा मागच्या रांगेत दोघांनी जांभई दिली, ती मी बघितली. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. विषयच भूगोलाच्या पुस्तकातल्या धड्यासारखा आहे. आपल्याला सवय आहे ती जळलेल्या घरांवरची, फोडलेल्या डोक्यांवरची भाषणं ऐकायची. रक्त सांडलं की आपण जमतो. पण रक्ताचा थेंब न सांडता, कागदावरच्या एका रकान्यात नुसतं शून्य टाकून अख्खी वस्ती मारता येते, त्याच्यावर आपण बोलत नाही. आज त्या रकान्यावर बोलायचंय.

जनगणना झाली की सरकार प्रत्येक जिल्ह्याची एक जाडजूड पुस्तिका काढतं. जिल्हा जनगणना पुस्तिका. 2011 ची बघा, मिळते. त्यात गावागणिक एक ओळ. गावाचं क्षेत्रफळ, घरं किती, माणसं किती, त्यात बाप्ये किती, बाया किती, सहा वर्षांच्या आतली पोरं किती, अनुसूचित जाती किती, जमाती किती, लिहिता-वाचता येणारे किती, कसणारे किती, दुसऱ्याच्या बांधावर राबणारे किती. मग सोयी. शाळा, दवाखाना, पोस्ट, वीज. मग दळणवळण. एसटी येते का? रेल्वे आहे का? डांबरी रस्ता, खडीचा रस्ता, पायवाट, इतकंच काय, होडी चालेल असा जलमार्ग आहे का, हेसुद्धा विचारलेलं आहे. मराठवाड्यात प्यायला पाणी नाही, पण होडीचा रकाना आहे! सोय गावात असेल तर 'आहे'. नसेल तर किती लांब, त्याची तीन अक्षरं: पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा, दहाच्या पुढं.

आता मेख कुठं आहे ते बघा. ही ओळ गावाची आहे आणि जनगणनेतलं गाव म्हंजे महसुली गाव. शिवाराची हद्द. त्या हद्दीत गावठाण आलं, महारवाडा आला, मांगवाडा आला, लांबच्या माळावरची पारध्यांची पालं आली, धनगरवाडी आली. सगळ्यांची मिळून एक ओळ, एक 'आहे' किंवा एक 'नाही'. एसटी मारुतीच्या देवळापुढं वळून गेली की अख्ख्या गावात एसटी 'आहे'. डांबर चावडीपर्यंत आलं की गावाला पक्का रस्ता 'आहे'. ओढ्यापलीकडं गुडघाभर चिखल असो, बाळंतपणाला निघालेली बाई बाजेवर घालून ओढा पार करावी लागो, 108 ची गाडी चावडीवर दिवा फिरवत उभी राहो, पुस्तिकेत गावाला सगळं आहे. आणि पुस्तिका खोटं बोलत नाही, हे लक्षात घ्या. ती फक्त एवढंच विचारत नाही की गाव म्हंजे कोण.

महसुली दप्तरात एक शब्द आहे, बेचिराख. ज्या गावात एकही माणूस राहत नाही, दिवा लागत नाही, ते बेचिराख गाव. साथीनं उठलेलं असंल, धरणाखाली गेलेलं असंल, पण हद्द आहे म्हणून त्याला नंबर आहे, पुस्तिकेत ओळ आहे. 2011 साली महाराष्ट्रात माणसं राहणारी गावं होती जवळपास 41 हजार आणि बेचिराख दोन हजार सातशेच्या आसपास. म्हंजे जिथं कुत्रंसुद्धा नाही त्या जागेला सरकारी ओळ आहे आणि शंभर चुली पेटतात त्या आपल्या वस्तीला ओळ नाही. ती दुसऱ्याच्या ओळीत राहते. पूर्वी दुसऱ्याच्या वेशीबाहेर राहायची, आता दुसऱ्याच्या आकड्यात.

तुम्ही म्हणाल, आकड्यांचं काय एवढं? रस्त्याकडं या मग.

1915 साली त्रिंबक नारायण आत्र्यांनी गावावर पुस्तक लिहिलं, त्याचं नाव 'गाव-गाडा'. गाडा. शब्द मोठा नेमका आहे. गाडा आपोआप चालत नाही, त्याला कोणीतरी जुंपावं लागतं. एसटीच्या आधी, पोस्टाच्या आधी, फोनच्या आधी गावाचं दळणवळण कोण होतं? तुमचा-माझा आजा-पणजा. सरकारी वसुली तालुक्याला पोचवायची महारानं. साहेब आला की त्याचं सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावच्या हद्दीपर्यंत धावायचं महारानं. वाटसरूला वाट दाखवायची त्यानं. पाटलाच्या घरात मयत झालं की उन्हातान्हात, रात्री-बेरात्री दहा गावं पायी फिरून सोयऱ्याधायऱ्यांना सांगावा द्यायचा त्यानं. हद्दीचा दगड कुठं आहे ते त्यालाच ठाऊक. गावाच्या सगळ्या वाटा ज्याच्या पायानं पडल्या त्याला गावातल्या वाटेनं चालायला मनाई, हा आपल्या थोर संस्कृतीचा दळणवळणाचा नियम. आणि ह्या कामाला वेळेची मर्यादा नाही. बाप आजारी असला तर घरातला दुसरा कोणी हजर झाला पाहिजे. 1874 च्या वतन कायद्यानं ही गुलामी पक्की बांधून ठेवली होती. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात तो कायदा बदलायचं बिल आणलं. वतन प्रत्यक्षात मोडायला 1958 चा कायदा यावा लागला, तोवर बाबासाहेब गेले होते.

ज्यांनी वाहतूक केली त्यांना वाहन मिळालं का? बाबासाहेबांनी स्वतःच्या प्रवासाच्या हकिकती लिहून ठेवल्यात, त्या ह्या विषयावरचं पहिलं पुस्तक म्हणून वाचा. 1901 साली मसूर स्टेशनावर उतरलेली चांगल्या कपड्यातली पोरं. स्टेशनमास्तर कौतुकानं विचारपूस करतो, आणि महार म्हणून कळल्यावर चेहरा फिरवतो. बैलगाडीवाला एकही तयार नाही. शेवटी दुप्पट भाडं घ्यायचं, गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवाल्यानं बाजूनं चालायचं, ह्या अटीवर गाडी मिळाली. गाडीची किंमत दुप्पट आणि गाडीवान फुकटचा! ते लहानपणी झालं, पुढं शिकल्यावर सुटला असेल हा त्रास, असं कुणाला वाटत असेल तर 1929 चं चाळीसगाव वाचा. आता ते विलायतेतून आलेले बॅरिस्टर आहेत, अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला सरकारनं नेमलेल्या कमिटीचे सदस्य आहेत. स्टेशनावर टांगेवाले नाही म्हणाले. महाराला टांग्यातून नेणं त्यांच्या इभ्रतीला कमी. मग तडजोड अशी निघाली, की टांगा भाड्यानं देतो, हाकणारा तुमचा तुम्ही बघा. ज्यानं जन्मात टांगा हाकला नव्हता असा महारवाड्यातला माणूस पुढं बसला. महारवाडा पुन्हा नदीपलीकडंच, तो अलीकडं कसा असेल? नदीच्या फरशीवर चाक दगडात अडकलं, बाबासाहेब दगडावर आपटले, पाय मोडला, आणि घोडा टांग्यासकट खाली नदीत गेला.

तांत्रिक भाषेत ह्याला अपघात म्हणतात. चाक, फरशी, अंतर, चालक, सगळं जातीनं ठरवलेलं असताना.

म्हणून एसटीचं मोल मी कमी करणार नाही. आपले काही मित्र लाल डब्याला नावं ठेवतात, खिळखिळी आहे, वेळेवर येत नाही. खरं आहे. पण 1 जून 1948 ला पुण्याहून अहमदनगरला, म्हंजे आजच्या अहिल्यानगरला, पहिली एसटी सुटली तेव्हा ह्या मुलखातल्या खेड्यांत एक नवी गोष्ट आली. तिकीट काढलं की बाकडं तुझं. पाटील शेजारी बसो नाही तर भट. म्हाताऱ्या बाया सांगतात की कंडक्टर तिकीट वरून हातात टाकायचा, शेजारचा उठून उभा राहायचा. उभा राहूंद्या की. आपली बाई बसलेली आणि तो उभा, असं दृश्य गावाच्या इतिहासात कुठं होतं? मुक्कामी गाडी पहाटे सुटायची तेव्हा तिच्यात बसून कितीतरी पोरं तालुक्याच्या शाळेला गेली, हॉस्टेलला गेली, मुंबईला गेली ती परत आली नाहीत. बाबासाहेब खेडं सोडा म्हणत होते. एसटीनं सोडायची सोय केली.

पण एसटी थांबायची कुठं, हेही बघा. पारावर. देवळापुढं, चावडीपुढं. म्हंजे नेमकं तिथं, जिथं उभं राहायला आपल्याला बंदी. गाडी धरायची तर त्या तोंडातनं जायला लागायचं. पाय चालत असतील पण मान खाली. आजही कित्येक गावांत पोरींना फाट्यापर्यंत दोन-तीन किलोमीटर चालत जाणं परवडतं, पारावर गाडीची वाट बघत त्या नजरा झेलणं परवडत नाही. 2021 च्या ऑक्टोबरअखेरपासून 2022 च्या एप्रिलपर्यंत एसटी कामगारांचा संप चालला. मागण्या रास्त होत्या, कामगार आत्महत्या करत होते आणि सरकार तारखा मोजत होतं. त्या साडेपाच महिन्यांत गावात वडाप आणि मोटारसायकल ज्याच्या घरात त्याची पोरं शाळेत, बाकीच्यांची घरी. मुलींना पास फुकट आहे, पण फुकट पास दाखवायला गाडी लागते. 17 मार्च 2023 पासून बायांना अर्धं तिकीट झालं, चांगलं झालं. ज्या वस्तीपासून गाडीपर्यंतच वाट नाही तिथल्या बाईनं अर्धं कशाचं काढायचं?

आणि हा रस्ता केला कुणी? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला कोण बसलं होतं? 1973 च्या मे महिन्यात राज्यात जवळपास 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. सगळ्या जातींची होती, कुणबी-मराठेही होते, भुकेनं सगळ्यांना एका रांगेत बसवलं होतं. पण पाऊस पडल्यावर ज्यांना जमीन होती ते घरी गेले आणि ज्यांना नव्हती ते हातोडा घेऊन पुढच्या कामावर गेले. त्या खडीवरनं आज एसटी पळते. आमच्या मायांनी फोडलेली खडी वेशीपर्यंत अंथरली, आणि वेशीपाशी येऊन संपली.

वेशीपाशीच का संपली, ह्याचं उत्तर मी बरीच वर्षं जातीयवाद एवढंच देत होतो. जातीयवाद आहेच. पण तो आता सरपंचाच्या तोंडात नसतो, नियमात असतो. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना 25 डिसेंबर 2000 ला सुरू झाली. योजना वाईट आहे असं मी म्हणणार नाही, आज इथं आलेल्यांतले निम्मे तिच्याच रस्त्यानं आले असतील. तिनं एक मोठी गोष्ट केली, महसुली गाव सोडून वस्ती हे एकक धरलं. मला वाटलं, चला, ओढ्यापलीकडं पोचलं सरकार. मग पुढचं वाचलं. सपाटीवर 500 माणसांची वस्ती पाहिजे, डोंगरी आणि आदिवासी भागात 250. ठीक. आणि रस्त्यानं न जोडलेली वस्ती म्हणायचं कुणाला? जी बारमाही रस्त्यापासून किंवा आधीच जोडलेल्या वस्तीपासून किमान 500 मीटर लांब आहे. डोंगरात दीड किलोमीटर.

पाचशे मीटर! आता सांगा, गावकुसाबाहेर म्हंजे किती बाहेर? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळानं गावाबाहेर राहावं असं आहे, किती मीटर ते लिहिलेलं नाही. ते गावानं ठरवलं. सावली अंगावर पडणार नाही इतकं लांब, आणि येसकराला हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ. ते अंतर दोनशे-तीनशे मीटर भरतं, चारशे भरतं. हाक पाचशेच्या पुढं जात नाही. म्हंजे विटाळाच्या हिशोबानं आपण बाहेर आणि सडकेच्या हिशोबानं आपण आत. मधे ओढा आहे का, पूल आहे का, पावसाळ्यात चार महिने पाणी असतं का, हे त्या पाचशे मीटरला दिसत नाही. पुढचं अजून ऐका. गावठाणाची लोकसंख्या कमी पडत असेल तर 500 मीटरच्या आतल्या वस्त्यांची माणसं एकत्र धरायची मुभा आहे. म्हंजे रस्ता मंजूर करून घेताना आपली डोकी मोजायची, रस्ता गावठाणात आणायचा, आणि रस्ता आला की आपली वस्ती 'जोडलेली'. कोणी बेकायदा काही केलं नाही. फाईल स्वच्छ आहे.

सप्टेंबर 2024 मध्ये ह्या योजनेचा चौथा टप्पा मंजूर झाला, देशात 25 हजार वस्त्या जोडायच्या आहेत. लोकसंख्या कुठली धरणार? 2011 ची. म्हंजे 2011 च्या फेब्रुवारीत जो मोजला गेला नाही त्याला 2029 पर्यंत रस्ता नाही.

रस्ता हा फक्त सोयीचा मामला असता तर मी इतका वेळ घेतला नसता. गावात रस्ता म्हंजे हत्यार आहे. 1972 साली इंदापूर तालुक्यात बावड्याला बहिष्कार पडला. बहिष्कार म्हंजे काय? गिरणी बंद, दुकान बंद, काम बंद, आणि सगळ्यात आधी वाट बंद. शेळी आमच्या बांधावरनं न्यायची नाही, बाईनं आमच्या शेतातनं परसाकडं जायचं नाही. ज्याच्याकडं जमीन त्याच्याकडं वाट, आणि आपल्याकडं जमीन नाही. खैरलांजीला 29 सप्टेंबर 2006 ला एका बौद्ध कुटुंबातली चार माणसं मारली. त्या वादाच्या मुळाशी काय होतं? त्यांच्या शेतातनं रस्ता पाहिजे होता गावाला. एरवी आपल्याला वाट नाकारणारं गाव आपल्याच तुकड्यातनं वाट मागत होतं. त्या गावात आपली घरं दोन-तीन. पुस्तिकेतल्या ओळीत अनुसूचित जातीच्या रकान्यात किती लहान आकडा असेल बघा. रकान्यातला आकडा जितका लहान तितका गावाचा हात मोठा. मेल्यावरची वाहतूकसुद्धा सोडलेली नाही. गावोगाव आपली मसणवट वेगळी आणि तिला रस्ता नाही, पावसाळ्यात प्रेत खांद्यावर घेऊन बांधाबांधानं फिरायचं. आणि जयंतीची मिरवणूक मुख्य रस्त्यानं न्यायची म्हटलं की 'शांतता समिती' बसते. शांतता कुणाची भंगते?

आता लोकसंख्या. इथं मला आपल्या माणसांशी भांडायचंय, तयारीनं बसा.

14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला आपण धम्म घेतला. 1951 च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या मुलखात बौद्ध होते अडीच हजारांच्या आसपास. 1961 ला झाले 27 लाख 89 हजार. जगात कुठल्या जनगणनेत असा आकडा उडालेला मला माहीत नाही. अंगणवाडी नव्हती, मोबाईल नव्हता, शाळामास्तर दारात आला तेव्हा अडाणी माणसांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, लिही, बौद्ध. तो आपला विजय. पण 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश असा होता की हिंदू नसेल तो अनुसूचित जातीचा नाही. 1956 ला त्यात शीख आले. बौद्ध यायला 1990 उजाडलं. महाराष्ट्र राज्यानं 1960 पासून नवबौद्धांना सवलती दिल्या, पण जनगणनेचा रकाना दिल्लीचा. म्हणून 61, 71, 81 ह्या तीन जनगणनांत ज्या गावचा अख्खा महारवाडा बौद्ध झाला त्या गावच्या ओळीत अनुसूचित जाती म्हणून उरले फक्त मातंग, चर्मकार, नाहीतर शून्य. माणसं तिथंच, घरं तिथंच, गावानं पाणी बंद केलेलं तसंच, आणि कागदावर त्या गावात दलित नाही. 1981 ला महाराष्ट्रात अनुसूचित जाती होत्या शेकडा 7, आणि 1991 ला झाल्या शेकडा 11. दहा वर्षांत आमच्या बाया काय जुळी-तिळी प्रसवल्या? कायद्यातला एक शब्द बदलला.

तीस वर्षं आपण धर्म सांगितला म्हणून रकान्याबाहेर राहिलो. तो रकाना आता उघडा आहे. 2011 ला महाराष्ट्रात बौद्ध 65 लाख 31 हजार. त्यातले अनुसूचित जातीत मोजले गेले सुमारे 52 लाख. मधले तेरा-एक लाख कुठं गेले? सगळेच चुकून राहिले असं नाही, काही दुसऱ्या जातींतनं आलेले आहेत, त्यांचा प्रश्न वेगळा. पण कितीतरी जणांनी जातीपुढं 'बौद्ध' एवढंच सांगितलं आणि मोजणारा पुढच्या दाराला गेला. अनुसूचित जातींच्या यादीत बौद्ध नावाची जात नाही, कशी असेल? यादीत महार आहे, मांग आहे, चांभार आहे.

आपले शहरातले सुशिक्षित मित्र म्हणतात, आम्ही जात सोडली, परत ती घाण तोंडानं का घ्यायची? हा सवाल फालतू नाही. महार हा शब्द उच्चारताना माझ्याही जिभेला चटका बसतो. पण मित्रा, तू सोडलीस, गावानं सोडली का? तू तिसऱ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये राहतोस, दारावर आडनाव बदललेलं आहे, तिथं जात न लिहिणं तुला परवडतं. ओढ्यापलीकडच्या म्हातारीला नाही परवडत. तिच्या वस्तीचा निधी डोकी मोजून येतो. वस्ती सुधारणेच्या योजनेत लोकसंख्येचे टप्पे आहेत, टप्प्याप्रमाणे पैसा. धर्म: बौद्ध. जात: यादीत जी आहे ती. दोन्ही रकाने भरायचे. जात लिहिणं म्हंजे जात मानणं, असं असेल तर पोलीस स्टेशनात अत्याचाराची फिर्याद देताना आपण काय लिहितो? घाव कुठं बसला ते लिहितो. तसंच हे.

डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं काढायचा निर्णय घेतला. महारवाड्याचं भीमनगर, समतानगर. मी विरोध करत नाही, पोराच्या दाखल्यावरचा पत्ता बरा दिसतो. पण समतानगरला जायला तोच ओढा आहे.

2025 साली सरकारनं जाहीर केलं की येत्या जनगणनेत सगळ्यांची जात मोजणार. 1931 नंतर पहिल्यांदा. 1 मार्च 2027 ही तिची तारीख. ज्यांनी शंभर वर्षं जातीवर खाल्लं त्यांना आता भीती वाटतेय की आकडे बाहेर येतील, वाटूंद्या. मला काळजी वेगळीच आहे. 1 मार्च म्हंजे मोजणी फेब्रुवारीत. 2011 ला 9 ते 28 फेब्रुवारी अशी झाली होती. फेब्रुवारीत बीड-पाथर्डीकडची आपली माणसं कुठं असतात? कोयत्यावर. दसरा-दिवाळीच्या पुढं-मागं मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायको, पोरं, भांडी, कोंबड्या ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून कोल्हापूर, सांगली, कर्नाटकात. हेही दळणवळणच आहे, कुठल्या पुस्तिकेत ह्याचा रकाना आहे? ट्रॉलीत बसायला बाकडं नसतं, पलटी झाली तर बातमी दोन ओळींची. त्यांतले सगळे आपले नाहीत. वंजारी आहेत, बंजारा आहेत, गरीब मराठे आहेत. पँथरच्या 1973 च्या जाहीरनाम्यानं भूमिहीन, शेतमजूर सगळे दलित म्हणूनच धरले होते, ते इथं आठवा. नियम असा की जो मोजणीच्या सगळ्या काळात गावाबाहेर आहे त्याला गावात मोजायचं नाही, तो जिथं असेल तिथं मोजायचा. तिथं म्हंजे उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत. कारखान्याच्या तळावर जाऊन कोण मोजणार? आणि मोजलं तरी तो आकडा कोल्हापूरच्या ओळीत पडणार. वस्ती बीडची, कुलूप बीडचं, निधी नाही. फेब्रुवारीत कुलूप लागलेल्या घरांची वस्ती कागदावर 500 ची 200 होते आणि पुढची दहा-पंधरा वर्षं 200 च राहते.

बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत खेड्याचं कौतुक करणाऱ्यांचे कान उपटले, आणि घटनेनं गाव टाकून माणूस हे एकक धरलं म्हणून समाधान मानलं. त्याच्याही आधी, 1942 च्या नागपूर परिषदेत, स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली होती: आमची गावं आम्हाला वेगळी द्या. ती मागणी कुणी मान्य केली नाही आणि पुढं आपणही विसरलो. घटनेत माणूस एकक झाला, पण सडकेत, पाण्यात, एसटीत, पुस्तिकेत गावच एकक राहिलं. आज वेगळं गाव मागायची आपली ताकद आहे का, मला शंका आहे. वेगळी ओळ मागायची आहे.

म्हणून काम सांगतो आणि बसतो. प्रत्येकानं आपल्या वस्तीचा कागद करायचा. घरं किती, माणसं किती, कोयत्यावर गेलेले किती आणि कुठल्या कारखान्याला, हे नावानिशी. पक्क्या रस्त्यापर्यंत अंतर सरळ रेषेत किती आणि पायवाटेनं किती, दोन्ही, कारण ओढ्याला वळसा घातला की तीनशेचे नऊशे मीटर होतात आणि साहेब नकाशावर पट्टी ठेवून मोजतो. पाणी किती महिने असतं ते लिहा. मसणवटीची वाट लिहा. हा कागद ग्रामसभेत वाचायचा आणि ठरावाच्या वहीत चिकटवायचा. ग्रामसेवकाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, काम तेच आहे; वस्तीच्या बृहत आराखड्यात त्यानं आकडा कुठला टाकलाय तो आधी बघून घ्या, बऱ्याच ठिकाणी मागच्या वेळचाच उतरवलेला असतो. तळावर जाणाऱ्या पोरांची एक तुकडी करायची, फेब्रुवारी 2027 मध्ये प्रत्येक कारखान्याच्या तळावर मोजणारा आला की नाही ते बघायला. कोल्हापूर-सांगलीच्या मित्रांशी बोलणं झालंय, राहायची सोय ते करतात.

टेप इथं दोनच आहेत, पन्नास मीटरच्या. एक गेवराईकडच्यांनी घ्या, एक पाथर्डीकडच्यांनी. बाकीच्यांनी सुंभ मोजून घ्या, चालतो.

जयभीम.